ओहोटीचा विराम

आगशीला खाजनाच्या बांधात एक लाकडी दार आहे.
मानस म्हणतो आम्ही त्याला.
भरतीला ते आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
आणि या दोन्हींच्या मधे
पाणी थोडा वेळ काहीच करत नाही.

मेस्त लिबेरात कुतिन्यो यांनी व्हायोलिन हातात देण्याआधी
तीन महिने मला तिथे बसवलं.
“काय ऐकू येतं ते लिही.”
मी लिहिलं: पाणी.
त्यांनी खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं: कुठलं?

मी तेव्हा नऊ वर्षांची. बाबा वीज खात्यात लाइनमन.
घरात वाद्य एकच, घुमट,
तेही चवथीपुरतं खुंटीवरून उतरणारं.
फी विचारायला गेलेले बाबा
मेस्तांचा फ्यूज बांधून परत आले.
पुढे सगळी वर्षं तोच हिशेब चालला.

लिस्बनहून ते आले होते आईच्या दुखण्याला,
पंधरा दिवसांची रजा काढून.
परतीचं तिकीट अजून आहे,
घडी करून मेट्रोनोमच्या एका पायाखाली.
त्याशिवाय तो लंगडतो.

एकेचाळीस रचना. वाजल्या सात.
त्यातली एक कुठल्याशा थंड गावात,
कार्यक्रमपत्रिकेत नावापुढे देश छापलेला: ब्राझील.
ती पत्रिका त्यांनी न्हाणीच्या दारावर चिकटवली.
“आंघोळ करताना
मी तिकडचा असतो.”

चवथीला यायचे. चपला उंबऱ्याबाहेर,
आरती संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे,
डोळे देवाकडे नाहीत, बाबांच्या डाव्या तळव्यावर.
उजवा हात कातड्यावर पडतो तेव्हा
डावा मडक्याचं लहान तोंड मिटतो, उघडतो, अर्धंच मिटतो.
मला कानाशी वाकून म्हणाले,
“तुज्या बापायच्या हातांत मानस आसा.”

त्या पावसाळ्यात चार तंतुवाद्यं आणि एक घुमट.
बाबांना नोटेशन येत नव्हतं,
म्हणून त्यांच्या ओळीत स्वरांऐवजी
त्यांना कळेल ते: खांबावर चढ. थांब. लाइन तपास. उतर.
मग घोरपडीचं कातडं कायद्यानं बंद झालं,
बकऱ्याचं लावलं, आवाज जरा बसला.
बाबा ओशाळले.
मेस्तांनी अख्खा चेलो पुन्हा लिहिला, खालच्या पट्टीत,
पंगतीत उशिरा आलेल्यासाठी
पाट सरकवावा तसा.

पणजीला प्रयोग. संचालक बाहेरचे, सभ्य, घड्याळवाले.
शेवटच्या पानावर एक विराम होता, त्यावर लिहिलेलं:
पाणी वळेपर्यंत.
“म्हणजे किती सेकंद?”
“आगशीला या. अमावास्येला बरं दिसतं.”
ते आले नाहीत. विराम अकरा सेकंद ठेवला.
टाळ्या भरपूर पडल्या. बाबा नव्या शर्टात,
वाकायचं कधी ते विसरून उभेच.
गाडीत मेस्त खिडकीबाहेर बघत राहिले,
आणि जुवारीचा पूल दिसल्यावर एवढंच:
“अकरा सेकंदात कोळंबीसुद्धा वळत नाही.”

आता मी फोंड्याला शिकवते. पन्नास मुलं, नऊ व्हायोलिनं.
मेस्तांचे वरचे सूर गेलेत.
आधी टिटवी गेली, मग कुकरची शिट्टी,
मग ई तारेचा वरचा अर्धा भाग.
लिहिणं चालू आहे. म्हणतात, जे ऐकू येत नाही
त्यात फार गर्दी नसते.

गेल्या महिन्यात एका मुलीला घेऊन गेले, दुर्वाला.
तिनं वाजवलं. ते खुर्चीतून टक लावून बघत होते,
कानावर हात नाही, मान तिरकी नाही.
मधेच म्हणाले, “कोपर बेसूर आहे.”
ती हसली. मग कोपर खाली आणला.

मी ऐकत होते. खरंच होता.

निघताना त्यांनी तिला वही दिली, कोरी,
आणि मला म्हणाले, जाताना जिन्याचा दिवा बघ,
लागत नाही, तुझा बाप असता तर.
मी स्टुलावर चढले. खाली दुर्वा
टॉर्च धरून उभी, आणि बाहेर बांधाकडे
पाणी